हवा गेली तरी न बसणारा

टायर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं, ते मला ठाऊक आहे. काठीनं हाकत गल्लीभर पळवायचं एक काळं कडं, नाहीतर होळीत टाकायचं जळण. मित्रांनो, मी तसला नव्हे. मी एक जुना टायर आहे हे खरं, गंगाखेडला चंद्रभानच्या पंक्चरच्या दुकानामागं भिंतीला टेकून उभा आहे हेही खरं. पण मी विलायती आहे आणि हवा गेली तरी मी कधी बसलो नाही. एकदाही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझा सगळा तोरा त्यातच होता आणि पुढं माझी फजितीही त्यातच झाली.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडच्या एका कारखान्यात झाला. साध्या टायरची बाजूची भिंत पातळ असते. हवा गेली की ती दुमडते आणि गाडी जमिनीला टेकते. आम्हाला घडवणाऱ्या कारागिरांनी ती भिंतच जाड केली. रबराचा थर, त्यावर दोऱ्यांचा थर, पुन्हा रबर, आणि वरून भट्टीचा असा शेक दिला की कच्चं काही राहू नये. खिळा घुसो, काच घुसो, आतली हवा फुस्स होऊन निघून जावो, भिंत गाडीला तोलून धरणार. आम्ही चार भाऊ. आमच्याबरोबर पाचवा टायर दिलाच नव्हता. स्टेपनी लागते ती बसणाऱ्यांना. आम्हाला कशाला?

आम्हाला एका लांबलचक काळ्या मोटारीवर चढवलं आणि मोटारीला जहाजावर. बंदरावरून ती गेली ती थेट हैदराबादेत, एका जहागीरदाराच्या दारात. तिथले रस्ते गुळगुळीत आणि मालक म्हातारा. आठवड्यातून एकदा जेवणावळीला जायचं, नाहीतर तलावाकाठी हवा खायला. उरलेला वेळ आम्ही सावलीत झाकून. माझा काय गुण, काय दोष, हे कळायला तिथं वावच नव्हता. म्हातारबुवा गेले, मुलांना ती मोटार दारात नको झाली, आणि त्यांनी ती विकायला काढली.

ती घेतली आबासाहेबांनी. गंगाखेडच्या पलीकडं, गंगेच्या काठी त्यांचं गाव. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. उसाचे मोठे बागायतदार, आवाज भारी, मिशा त्याहून भारी. ते हैदराबादला विहिरीवरचं इंजिन बघायला आले होते आणि मोटार बघून तिथंच विरघळले. बरोबर मुंजाजी होता. तो त्यांचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याला गाडी फिरवून बघायला सांगितली तेव्हा तो आधी चपला बाहेर काढून मग आत बसला.

साल होतं अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव नुकताच झाला होता आणि सगळ्या मराठवाड्यात त्यावरून आग लागली होती. आम्ही नांदेड मागं टाकलं आणि लोह्याच्या पुढं रस्ताभर आडव्या टाकलेल्या फांद्या, दगड, फुटलेल्या बाटल्या आणि खिळे दिसायला लागले. मुंजाजीनं विचारलं, काय करू? आबासाहेब म्हणाले, दाब. आम्ही त्या काचांवरून गेलो मित्रांनो! माझ्या अंगात वीतभर खिळा शिरला. माझ्या शेजारच्या भावात दोन शिरले. हवा केव्हाच गेली, पण गाडी तसूभरही वाकली नाही.

वाटेत एके ठिकाणी डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं कडेनं चालत होती. दोन बाया, एक म्हातारा, दोन लेकरं. त्यांच्या जाळलेल्या वस्तीचा धूर मागं दिसत होता. मुंजाजीनं पाय सैल सोडला. आबासाहेबांनी त्याच्याकडं न बघताच सांगितलं, थांबू नको. आम्ही थांबलो नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. आज मला त्याची लाज वाटते, आणि मुंजाजीला त्याच दिवशी वाटली असावी, कारण पुढं गावापर्यंत तो सारखा आरशातून मागं बघत होता.

दुसऱ्या दिवशी चंद्रभाननं माझ्यातला खिळा उपसून काढला आणि सगळ्यांना दाखवला. बास. त्या दिवसापासून पंचक्रोशीत आमच्या नावाचा डंका. बैठकीला कुणी आलं की आबासाहेब त्याला आधी गाडीपाशी नेत, माझ्यावर टाच मारून दाखवत आणि म्हणत की ह्या गाडीला थांबणं ठाऊक न्हाई. दसऱ्याला लोक शस्त्रांची पूजा करतात, नांगराची करतात. आबासाहेब आम्हा चौघांना स्वतः धूत, हळदीकुंकू लावत आणि नारळ फोडत. मी फुगलो नाही असं कसं म्हणू? फुगणं हाच तर टायरचा धर्म आहे.

पण एक गोष्ट मी तेव्हा लक्षात घेतली नाही. त्या घरात पुरुषांनी पुढं बसायचं आणि बायकांनी मागं, ही रीत होती. मागच्या काचांना नर्मदाबाईंनी, म्हणजे आबासाहेबांच्या बायकोनं, स्वतः शिवलेले पडदे होते. पुढची जागा गाडीच्या मधोमध असते, तिथं झोका लागतो. मागची सीट मात्र बरोबर आम्हा मागच्या दोघांच्या डोक्यावर. इतकी वर्षं गाडी दारात होती, पण आबासाहेब मागं एकदाही बसले नव्हते. आणि मागं बसणाऱ्या काही बोलत नव्हत्या, कारण मोटारीतून मिरवायला मिळतंय आणि वर तक्रार करते, असं कुणी म्हणू नये.

आबासाहेबांना एकच मुलगी, सुमंगला. शिकलेली, उंच, चालायची ती भराभर. गंगाखेडच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच लागली होती. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात नर्मदाबाईंनी माळवदावर, म्हणजे घराच्या धाब्यावर, कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपारी एकाएकी वावटळ उठली. सुमंगला कुरडयांची पाटी उचलायला धावली आणि धुळीत तिला माळवदाची कड दिसली नाही. ती खाली अंगणातल्या दगडी रांजणावर पाठीवर पडली.

कणा पुरता मोडला नव्हता, पण त्याला तडा गेला होता. चार महिने ती प्लास्टरमध्ये पडून राहिली. प्लास्टर काढलं तेव्हा पाय तिचं ऐकेनात. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की दर मंगळवारी आणि शुक्रवारी आणा, शेक देऊ, व्यायाम करून घेऊ. सहा महिने नेमानं झालं तर ही पोरगी चालेल. मध्ये खंड पडला तर पायांत आलेली ताकद निघून जाईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, डॉक्टरसाहेब, आमच्या गाडीला थांबणं ठाऊक न्हाई.

झालं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही निघायचो. गंगेचा पूल ओलांडायचा, दैठणा, पोखर्णी, परभणी. पंचवीस मैल. त्या रस्त्याला डांबर होतं म्हणे कधीकाळी. सुमंगला मागं आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झोपायची. पहिल्या खड्ड्याला ती दात आवळायची. दुसऱ्याला पदर तोंडात धरायची. पोखर्णी येईपर्यंत ती कण्हायला लागायची, आणि ते कण्हणं बरोबर माझ्या डोक्यावर. मी मनात म्हणायचो, रस्ताच वाईट आहे, त्याला मी काय करणार? मी तर पोचवतोय ना वेळेवर!

पोचवत होतो, पण दवाखान्यात पोचल्यावर तिला अर्धा तास नुसतं पडून राहावं लागायचं. शेकानं पाठ मोकळी व्हायची, तिथं लावलेल्या दांडीला धरून ती चार पावलं टाकायची, आणि परतीच्या वाटेत आम्ही ते सगळं धुऊन काढायचो. महिन्याभरानं डॉक्टरांनी विचारलं, हिला तुम्ही कशातून आणता, बैलगाडीतून? आबासाहेब लालबुंद झाले. विलायती मोटारीतून आणतो, म्हणाले, आणि ताडकन उठून बाहेर आले.

बाहेर येऊन मात्र त्यांनी उपाय सुरू केले. मुंजाजी जन्मापासून बैलगाडीत वाढलेला. रिकामी बैलगाडी उडते आणि भरलेली दबून चालते, हे त्याचं ज्ञान. त्यानं डिकीत ज्वारीची दोन पोती टाकली. मग धक्का बसायचा तो पोत्यांसकट. नर्मदाबाईंनी सीटवर चार वाकळा अंथरल्या. वाकळा दबल्या आणि सुमंगला घसरायला लागली. शेवटी एका मंगळवारी निघता निघता आबासाहेबांनी हुकूम सोडला की मागच्या चाकांची हवा कमी कर, म्हणजे गाडी नरम चालेल. मुंजाजीनं काडीनं व्हॉल्व दाबला. थोडी हवा काढली, काही फरक नाही. आणखी काढली. शेवटी सगळीच काढली, तरी गाडी बोटभरही खाली आली नाही.

आबासाहेब आधी चकित झाले आणि मग इतके खूश झाले की कशासाठी हवा काढली तेच विसरले. पारावरच्या माणसांना हाका मारून बोलावलं. दहाबारा जण जमले, कुणी वाकून बघतंय, कुणी मला बोटानं टोचतंय. हवा न्हाई आत, तरी कशी उभी हाय बघा, असं आबासाहेब फिरून फिरून सांगत होते. मी छाती काढून उभा. पडद्याआड सुमंगला वाकळांवर पडून सगळं ऐकत होती. त्या दिवशी दवाखान्यात पोचायला उशीर झाला.

त्याच्याच पुढच्या आठवड्यात दसरा आला. आबासाहेबांनी आम्हाला धुतलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. त्यानंतरच्या शुक्रवारी गाडी दारात लागली, मुंजाजीनं मागचं दार उघडून धरलं, आणि सुमंगला घरातून बाहेर आलीच नाही. आबासाहेब आत ओरडले. मग चौकटीला धरून, आईच्या खांद्यावर भार टाकून ती दारापर्यंत आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"आबा, मी आता येणार न्हाई," ती म्हणाली. "मला न्हाई चालता आलं तरी चालंल. पण ह्या गाडीत मला घालू नका."

आबासाहेबांना हे समजेचना. त्यांना ती आळस करतेय असं वाटलं, घाबरतेय असं वाटलं, डॉक्टरनं तिच्या मनात काही भरवलं असंही वाटलं. तालुक्यातल्या सगळ्यात भारी गाडीत लेकीला नेतोय आणि ती म्हणते मला घालू नका! ते दिवसभर जेवले नाहीत. मंगळवार आणि पुढचा शुक्रवारही तसाच गेला. तीन खेपा चुकल्या. सुमंगलाच्या खोलीतून पायाचे व्यायाम मोजायचा आवाज यायचा तोही बंद झाला.

सोमवार गंगाखेडच्या बाजाराचा दिवस. आबासाहेब टोपी घालून बाहेर आले तर पुढच्या सीटवर नर्मदाबाई! डोक्यावरचा पदर नीट, हात मांडीवर, नजर समोर. मुंजाजी गाडीतून उतरून चार हात लांब उभा राहिला होता आणि आभाळाकडं बघत होता. पारावरचे लोक माना वळवून बघायला लागले. त्या गावात मोटारीत पुढं बसलेली बाई तोवर कुणी बघितली नव्हती.

आबासाहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, हे काय करायलाव? नर्मदाबाई एरवी नवऱ्यापुढं दोन शब्दही मोजून बोलायच्या. त्या दिवशी त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण शांत आवाजात म्हणाल्या:

"आज मी म्होरं बसते. तुमी मागं बसा. लेकीच्या जागंवर बसून एकदा गंगाखेडला जाऊन या, मग तिला काय बोलायचं ते बोला."

चारचौघांत बायकोला गाडीतून ओढून काढणं काही त्यांच्यानं झालं नसतं. ते पडदा सारून मागं बसले. मुंजाजीला म्हणाले, हळू घे. नर्मदाबाई म्हणाल्या, रोज जशी घेतोस तशी घे. मुंजाजीनं दोघांचंही ऐकल्यासारखं केलं आणि रोज जशी घ्यायचा तशीच घेतली.

आता आली का पंचाईत! मालक माझ्या डोक्यावर आणि समोर तोच रस्ता. मी कुणासाठी बदलणार होतो? मला बदलता येतच नव्हतं. पहिल्या खड्ड्याला त्यांची टोपी तिरपी झाली. ओढ्यापाशी त्यांनी समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. पुढं खडीचा तुकडा लागला तेव्हा टोपी टपाला आपटून मांडीवर पडली, ती त्यांनी उचललीही नाही. मी काय आहे ते त्या माणसाला पहिल्यांदा कळत होतं आणि खरं सांगतो मित्रांनो, त्याच्यासोबत मलाही कळत होतं. रस्ता वाईट होता हे खरं. पण रस्त्याचा एकेक दगड मी जसाच्या तसा वर पोचता करत होतो.

गंगाखेडच्या अलीकडं, गंगेच्या काठाला आबासाहेब म्हणाले, थांब जरा. गाडी थांबली. नदीवरून वारा येत होता.

"ती ह्याच्यावरून पंचवीस मैल जायलीय?" त्यांनी विचारलं.

"जाऊन येऊन पन्नास," नर्मदाबाई म्हणाल्या. "पाठ मोडलेली असताना."

ते बाजारात गेलेच नाहीत. गाडी थेट चंद्रभानच्या दुकानापुढं लागली. चंद्रभान बारीक अंगाचा, बोलायला फटकळ. त्यानं माझ्या भिंतीवर अंगठा दाबला, नखानं खरवडलं, आणि आबासाहेबांना सांगितलं की मालक, ह्या टायरची भिंतच गाडी उचलती, हवा भरा न्हाईतर काढा, त्याला फरक न्हाई. साधा टायर खड्ड्याचा धक्का पोटात घेतो, हा वर पाठवतो. त्यात दहा वर्षांचा झालाय, रबर आणखी कडक पडलंय. हे मी दोन साल आधीच मुंजाजीला बोललो होतो, असंही चंद्रभान म्हणाला. आबासाहेबांनी मुंजाजीकडं बघितलं. मुंजाजीनं जमिनीकडं बघितलं. सांगायची त्याची मजाल झाली नव्हती आणि ऐकायची यांची तयारी नव्हती.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला चंद्रभानचा भयंकर राग आला. काचांवरून धावलो मी, खिळे खाल्ले मी, आणि हा दमडीचा पंक्चरवाला माझी अब्रू काढतोय! पण मनात खोल कुठंतरी सुमंगलाचं कण्हणं होतं.

आमच्या मापाचे साधे टायर परभणीत नव्हते, नांदेडलाही नव्हते. हैदराबादला मागवावे लागले. इकडं डॉक्टरांनी निरोप धाडला होता की आणखी पंधरा दिवस गेले तर नव्यानं सुरुवात, आणि ती जमेलच असं सांगत नाही. आबासाहेब रोज गंगाखेड स्टेशनावर जाऊन पार्सलची चौकशी करायला लागले. ज्यांच्यापुढं तालुक्याची माणसं हात जोडून उभी राहायची, ते मालगुदामाच्या खिडकीशी उभं राहून बाबूला साहेब म्हणत होते. बाराव्या दिवशी टायर आले. मागवले होते पाच, आले चार.

आम्हाला रिमवरून काढायला चंद्रभानला दोन पहारी आणि पुरी दुपार लागली. आमची भिंत वाकेचना. तो घामाघूम होऊन शिव्या देत होता आणि मला त्यातही थोडं समाधान वाटलं, हे कबूल करतो. नवीन टायर म्हणजे काय, मऊ मऊ, बोटानं दाबलं तर दबणारे, पोटात ट्यूब. मी मनात म्हटलं, पहिल्याच काट्याला बसाल लेको! आबासाहेबांनाही तीच धास्ती. पाचवा आला नव्हता, म्हणून माझ्या तीन भावांना तिथंच ठेवून मला टायरांबरोबर मागवलेल्या एका जास्तीच्या रिमवर चढवलं आणि स्टेपनी म्हणून डिकीत टाकलं. ज्याला स्टेपनीची गरज नाही म्हणून मी मिरवलो, तोच मी स्टेपनी झालो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी डिकीतल्या अंधारात कान लावून पडलो. गाव सुटलं, ओढा गेला, खडीचा तुकडा गेला. गाडी खाली दबायची आणि सावकाश वर यायची. मी त्या कण्हण्याची वाट बघत होतो. ते आलंच नाही. पोखर्णीच्या पुढं नर्मदाबाईंचा आवाज आला, हळू, पुढच्यांना सांगत होत्या की झोपली. मित्रांनो, दोन महिने त्या पोरीच्या पाठीखाली मी होतो आणि ती एकदाही झोपली नव्हती. मला फार वाईट वाटलं. त्याच्याबरोबर हेवाही वाटला, तो मी लपवत नाही.

पुढं थंडी आली. डिकीत पडल्या पडल्या मला खबरी कळायच्या. दांडीला धरून दहा पावलं. मग वीस. मग एका हातानं. घरात भिंतीला धरून ती स्वयंपाकघरापर्यंत जायला लागली. डॉक्टर म्हणाले की पायांत ताकद आलीय, आता फक्त भीती राहिलीय, आणि भीतीवर माझ्याकडं शेक नाही. दोन्ही बाजूंना कुणी धरायला असल्याशिवाय ती मोकळ्या जागेत पाय टाकत नव्हती. आणि धरायला तर सगळेच तयार असायचे. घराच्या दारातून सीटपर्यंत, सीटवरून दवाखान्यात, तिला कुणी एकटं सोडतच नव्हतं.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. घरी पाहुणे असल्यानं नर्मदाबाई आल्या नव्हत्या. आबासाहेब पुढं, सुमंगला मागं एकटीच. आता ती बसून यायची. दैठणा ओलांडलं आणि फट्‌! गाडी एका अंगाला कलली. मागचा डावा बसला होता. बाभळीचा काटा, दुसरं काय.

मी डिकीत उडालोच! म्हटलं, आला माझा दिवस. बाहेर आबासाहेबांचा आवाज चढला. मी म्हणलं होतं, मी आधीच म्हणलं होतं, ते टायर असते तर थांबावं लागलं असतं का? मुंजाजी मुकाट्यानं मला बाहेर काढून रस्त्याच्या कडेला आडवा ठेवून जॅक लावायला लागला. आबासाहेब त्याच्या डोक्यावर उभं राहून घड्याळ बघत होते, रस्त्याला, सरकारला आणि बाभळीला नावं ठेवत होते. जॅक चढेना तसा मुंजाजी चाचरत म्हणाला की ताई आत हायती, भार पडायलाय, पण राहू द्या, त्यांना आत बसू देऊनच उचलतो.

मागचं दार उघडलं. मी खाली आडवा होतो, म्हणून मला तिचे पाय आधी दिसले. एक पाय जमिनीवर आला. मग दुसरा. तिनं दाराला धरलं, मग दार सोडलं. हाक मारली नाही, हात पुढं केला नाही. ते दोघं तिच्याकडं पाठ करून जॅकशी झटत होते. रस्त्याच्या पलीकडं बांधावर एक बोरीचं झाड होतं, पिकलेल्या बोरांनी लगडलेलं. मधे रस्ता, पाण्याची चारी आणि थोडं ढेकळांचं रान. ती चालायला लागली.

मी श्वास रोखला असं म्हणालो असतो, पण मी टायर आहे. एकेक पाऊल ती मोजून टाकत होती. चारीपाशी थांबली, खाली बघितलं, आणि ओलांडली. ढेकळांत एकदा डगमगली, तेव्हा तिच्या जवळपास धरायला काही नव्हतं. ती स्वतःच सावरली.

आबासाहेब मागं वळून म्हणाले, सुमंगले, आतच बस, उन्हात उतरू नको, आणि तेवढ्यात त्यांना सीट रिकामी दिसली. त्यांनी दुसऱ्या बाजूला बघितलं. रस्त्याकडं बघितलं. मग बांधावर ती दिसली, टाचा उंचावून फांदी खाली ओढताना. ते मटकन खाली बसले, ते माझ्यावरच. एवढा दांडगा माणूस, आणि त्याचा सगळा भार माझ्यावर. मुंजाजी हातात पाना घेऊन उभा होता. त्याला चाक हवं होतं, पण मालकांना उठा कोण म्हणणार? तो बाहीनं डोळे पुसत होता.

ती तशीच परत आली. ढेकळं, चारी, रस्ता. पदरात बोरं होती. त्यातली मूठभर तिनं आबासाहेबांच्या हातावर ठेवली.

"कळ आली का गं?" त्यांनी विचारलं.

"लय न्हाई," ती म्हणाली. "उठा आबा. मुंजाजीला चाक लागायलंय."

मला डाव्या बाजूला मागं बसवलं. तीन मऊ आणि एक मी. सुमंगला आत बसायला वाकली तर आबासाहेबांनी तिचा दंड धरला. तिला उजवीकडं सरकवलं, पुढचं दार लावून टाकलं आणि स्वतः मागं, डाव्या बाजूला, माझ्या डोक्यावर येऊन बसले.

"तिकडं मऊ हाय, तिकडं बस," ते म्हणाले. "ह्या चाकावर मी बसतो."

परभणीपर्यंतचा एकेक दगड मी त्यांच्यापर्यंत पोचवला. माझा इलाज नव्हता. त्यांनी एकदाही हूं की चूं केलं नाही, आणि तिनं दिलेली बोरं ते दवाखान्याच्या दारापर्यंत एकेक करून खात होते. परतताना चंद्रभाननं काटा काढला, ट्यूब जोडली, आणि राहिलेला पाचवा टायर त्याच दिवशी आला होता म्हणून मला उतरवून इथं भिंतीला लावलं. पुढं जूनमध्ये सुमंगला शाळेत रुजू झाली. गंगाखेडच्या बाजारातून ती चालत जाताना मला आजही कधी कधी दिसते, भराभरच चालते.

मित्रांनो, गाडीची निगा राखा. आठवड्याला हवा बघा, रुतलेले खडे काढा, टायर गुळगुळीत होईपर्यंत ताणू नका. एवढं तर कुठलाही टायर सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. तुमची वस्तू किती टणक आहे हे चारचौघांना दाखवण्याआधी तिच्यावर बसून जाणाऱ्या माणसाला विचारा, की बाई, तुला कसं वाटतंय? आणि ती काही बोलली नाही, तर एकदा तिच्या जागेवर बसून पंचवीस मैल जाऊन या.